अवघे चार फूट

आमच्या शाळेतला नववीचा एक मुलगा आठवडाभर वर्गात दिसला नाही. परत आल्यावर चौकशी केली. त्याचे वडील बदलापूर पूर्वेला, खरवईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याचं काम करतात. ड्रम ठेवलेली हातगाडी ओढत ते मागे मागे येत होते. पाय मालधक्क्याच्या काठाबाहेर गेला आणि ते खाली पडले. मनगट मोडलं, डोक्याला सात टाके पडले.

"किती उंचीवरून पडले?" मी विचारलं.

"जास्त नाही सर, चारच फूट." मग थोडं थांबून तो म्हणाला, "सगळे म्हणतात, त्यांचं लक्ष नव्हतं."

ही दोन्ही वाक्यं आपण नेहमी ऐकतो. चार फूट म्हणजे काहीच नाही, आणि पडला तो बेसावध होता म्हणून पडला. दोन्ही वाक्यं अपुरी आहेत, आणि ती का अपुरी आहेत हे नववी-दहावीच्या भौतिकशास्त्रातून दाखवता येतं. अंबरनाथ, उल्हासनगर, बदलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांच्या घरी कुणी ना कुणी कारखान्यात किंवा गोदामात कामाला आहे. त्यांच्यासाठी मुक्त पतनाचं याहून जवळचं उदाहरण शोधूनही मिळणार नाही.

चार फूटच का?

मालधक्का म्हणजे कारखान्याच्या किंवा गोदामाच्या दाराशी बांधलेला उंच ओटा. ट्रकच्या हौद्याची जमिनीपासूनची उंची साधारण चार फूट, म्हणजे १.२ मीटर असते. धक्काही तेवढाच उंच बांधला, की ट्रक उलटा घेऊन धक्क्याला लावायचा, फाळका उघडायचा आणि माल वर न उचलता सरळ आत न्यायचा. दोनशे लिटरचा भरलेला ड्रम दोन-अडीचशे किलोंचा असू शकतो. तो चार फूट वर उचलण्यापेक्षा सपाटीवरून गडगडत नेणं किती सोपं! मालधक्का ही माणसाच्या कंबरेवरचा भार हलका करणारी सोय आहे.

पण ट्रक निघून गेला की त्याच सोयीचा एक उघडा कडा उरतो. या कड्याला कायमचा कठडा बांधता येत नाही, कारण माल तिथूनच जायचा असतो. अडचणीचं मूळ इथे आहे.

अर्ध्या सेकंदाचा हिशेब

१.२ मीटरवरून खाली पोहोचायला किती वेळ लागतो? मुलांना आधी अंदाज करू द्या. मग सूत्र वापरा : अंतर = अर्धा × गुरुत्व त्वरण × वेळेचा वर्ग. गुरुत्व त्वरण ९.८ घेतलं तर वेळ येतो ०.४९ सेकंद. म्हणजे जेमतेम अर्धा सेकंद. जमिनीवर आदळतानाचा वेग येतो सेकंदाला ४.८५ मीटर, म्हणजे ताशी सुमारे साडेसतरा किलोमीटर. भरधाव सायकलवरून भिंतीवर आदळण्यासारखंच हे झालं.

आता या अर्ध्या सेकंदात माणूस काय करू शकतो ते पाहू. त्यासाठी एक जुना प्रयोग आहे. एकानं ३० सेंटिमीटरची पट्टी वरच्या टोकाला धरून उभी लोंबकळत ठेवायची. दुसऱ्यानं पट्टीच्या शून्याजवळ अंगठा आणि बोट उघडे ठेवायचे, पण पट्टीला लावायचे नाहीत. पहिल्यानं न सांगता पट्टी सोडायची, दुसऱ्यानं ती पकडायची. पट्टी जितके सेंटिमीटर निसटली त्यावरून वेळ काढता येतो : १५ सेंटिमीटरला ०.१७ सेकंद, २० ला ०.२०, २५ ला ०.२३ आणि ३० ला ०.२५ सेकंद.

बहुतेक मुलांचा वेळ ०.२ सेकंदाच्या आसपास येईल. काहींच्या हातून पट्टी निसटूनच जाईल. आणि हे सगळं केव्हा? पट्टी पडणार हे माहीत आहे, डोळे तिच्यावर खिळलेले आहेत, बोटं तयार आहेत, आणि करायचंय काय तर फक्त चिमूट मिटायची आहे, तेव्हा.

मालधक्क्यावर यातलं काहीच नसतं. पाठ काठाकडे असते, हात गाडीच्या मुठीवर असतात. पायाखाली जमीन नाही हे मेंदूला उमगेपर्यंतच अर्ध्या सेकंदातला मोठा हिस्सा संपतो. उरलेल्या वेळात शरीराला एकच गोष्ट जमते, हात पुढे किंवा मागे टेकवायचा. म्हणून पडलेल्या माणसाचं मनगट मोडतं. त्या मुलाच्या वडिलांचं मनगट मोडलं ते निष्काळजीपणामुळे नव्हे. अर्ध्या सेकंदात जेवढं करता येतं तेवढं त्यांच्या शरीरानं केलं, त्याचा तो पुरावा होता.

तोल आणि ओझं

आपण रोज कितीदा तरी ठेचकाळतो. तरी दर वेळी पडत नाही. का? तोल गेला की आपण झटकन एक पाऊल टाकतो आणि पाय पुन्हा शरीराच्या गुरुत्वमध्याखाली आणतो. हे इतकं आपोआप होतं की लक्षातही राहत नाही. पण या पावलाला जमीन लागते. काठाशी तोल गेला तर सावरायला टाकलेलं पाऊल हवेत पडतं. व्हरांड्यात जी ठेच हसण्यावारी जाते, तीच काठापाशी हाड मोडते. ठेच तीच, माणूस तोच आणि सावधपणाही तेवढाच. फरक फक्त जागेचा.

त्यात ओझं आलं की तोल आणखी नाजूक होतो. समजा, एक माणूस ६० किलोंचा, उंची १.६ मीटर. उभं असताना त्याचा गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ०.९ मीटरवर, बेंबीच्या जवळपास असतो. त्याच्या डोक्यावर ५० किलोंचं पोतं दिलं, तर पोत्याचा मध्य १.७ मीटरवर आला. दोघांचा मिळून गुरुत्वमध्य काढू : ६० गुणिले ०.९ अधिक ५० गुणिले १.७, भागिले ११०. उत्तर येतं १.२६ मीटर. बेंबीपाशी असलेला गुरुत्वमध्य छातीपर्यंत चढला.

आता पायांच्या आधाराची कड मध्यापासून १० सेंटिमीटरवर आहे असं धरा. रिकामा माणूस सुमारे सहा अंशांपर्यंत कलला तरी तोल राहतो. पोतं घेतलेला माणूस साडेचार अंशांतच जातो. शिवाय हात पोत्यावर असल्यानं हात पसरून तोल सावरणं नाही, आणि मान वळवून काठ पाहणंही नाही. सिमेंटचं पोतं आजही ५० किलोंचंच असतं; पूर्वी तर धान्य आणि साखरेची १०० किलोंची पोती सर्रास पाठीवर वाहिली जात. हा हिशेब मुलांना १०० किलोंसाठी करायला सांगा.

पावसाळा, भुकटी आणि चप्पल

चालताना आपण जमीन मागे ढकलतो आणि घर्षण आपल्याला पुढे नेतं. सपाटीवर नेहमीच्या चालीनं चालायला ०.२ एवढा घर्षणांक पुरतो. घाईत, वळताना किंवा गाडी ढकलताना जास्त लागतो. म्हणून चालण्याची फरशी निदान ०.५ घर्षणांकाची असावी असं सर्वसाधारणपणे धरतात.

घर्षणांक वर्गात मोजता येतो. एका फळीवर चप्पल ठेवा आणि फळीचं एक टोक सावकाश उचला. चप्पल ज्या क्षणी घसरू लागेल तिथे थांबा. उचललेल्या टोकाची उंची भागिले फळीखालच्या पायाची लांबी, हा झाला घर्षणांक. कोरडी फळी, ओली फळी, साबणाचं पाणी लावलेली फळी, रवा भुरभुरवलेली फळी, झिजलेली चप्पल आणि नवी चप्पल असे प्रयोग करून तक्ता बनवा. रव्याचा निकाल मुलांना चकित करील. फळी कोरडीच आहे, तरी चप्पल घसरते, कारण रव्याचे कण तळव्याखाली गोळ्यांसारखे फिरतात.

आपल्या पट्ट्यातल्या रंग, रसायनं आणि औषधांच्या कारखान्यांत पोती-पिंपांतून सांडलेली भुकटी नेमकं हेच करते. वर बदलापूरचा पाऊस! धक्क्यावर पुरेसं छप्पर नसेल, तर जून ते सप्टेंबर काठाचा दोन-तीन फुटांचा पट्टा ओलाच राहतो. सगळ्यांत निसरडी जागा नेमकी काठावर येते.

ट्रक पळ काढतो

आता एक गमतीदार पण धोक्याची गोष्ट. चार-पाच गोल पेन्सिली टेबलावर समांतर ठेवा. त्यांच्यावर पुठ्ठ्याची लांब पट्टी ठेवा आणि तिच्यावर चावीची मोटार सोडा. मोटार पुढे निघाली, की पुठ्ठा मागे सरकतो. न्यूटनचा तिसरा नियम.

ट्रकचं तसंच आहे. ट्रकची पाठ धक्क्याला लागलेली आहे. माल उचलणारं यंत्र, म्हणजे फोर्कलिफ्ट, धक्क्यावरून हौद्यात शिरतं आणि आत ब्रेक लावतं. थांबताना ते ट्रकला पुढे, म्हणजे धक्क्यापासून दूर ढकलतं. मग ते उलट फिरून बाहेर निघतं. निघताना वेग घेण्यासाठी चाकं हौद्याला पुन्हा पुढेच ढकलतात. आत जाताना आणि बाहेर येताना, दोन्ही वेळा ट्रकला मिळणारा रेटा एकाच दिशेचा, धक्क्यापासून दूर नेणारा असतो! मुलांना आधी विचारा. बरीच मुलं म्हणतील की दोन्ही धक्के एकमेकांना रद्द करतात.

हातगाडीचा धक्का छोटा असतो, हँडब्रेक तो सहज झेलतो. पण फोर्कलिफ्ट स्वतःच तीनेक टनांचं असतं, वर मालाचं वजन. वीस-पंचवीस फेऱ्यांत ट्रक थोडा थोडा सरकतो आणि धक्का व हौदा यांच्यातली फट रुंदावते. मध्ये टाकलेल्या लोखंडी पत्र्याचं टोक हौद्यावर जेमतेम टेकलेलं राहतं, आणि पुढच्या फेरीला पत्रा माणसासकट खाली जातो.

दुसरी गोष्ट कमानपाट्यांची. माल उतरला की ट्रकच्या स्प्रिंगा मोकळ्या होतात आणि हौदा काही सेंटिमीटर वर येतो. माल भरला की खाली जातो. सकाळी सपाट असलेला पत्रा दुपारी उतरता होतो.

थांबण्याचं अंतर

पडण्यानं इजा होत नाही, थांबण्यानं होते. एक खडू टेबलाच्या उंचीवरून फरशीवर टाका आणि दुसरा घडी घातलेल्या गोणपाटावर टाका. पहिला मोडेल, दुसरा बहुधा वाचेल. उंची तीच आणि वेगही तोच, पण गोणपाटावर खडूला थांबायला जास्त अंतर मिळालं.

हिशेब सोपा आहे. सरासरी धक्का वजनाच्या किती पट? पडण्याची उंची भागिले थांबण्याचं अंतर, अधिक एक. माणूस पायांवर उतरला आणि गुडघे वाकवून ३० सेंटिमीटरांत थांबला, तर धक्का वजनाच्या पाचपट. पाठीवर पडला आणि ३ सेंटिमीटरांत थांबला, तर एक्केचाळीसपट. म्हणून ठरवून उडी मारणाऱ्या मुलाला चार फूट 'काहीच नाही' वाटतात. त्यानं गुडघे आधीच तयार ठेवलेले असतात. अचानक पडणाऱ्याला ते तयार करायला वेळ मिळत नाही.

आणि डोकं? धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाचं डोकं चार फुटांवर नसतंच. १.२ मीटर धक्क्याचे आणि १.६ मीटर त्याच्या उंचीचे मिळून ते २.८ मीटरवर, म्हणजे नऊ फुटांहून वर असतं. तिथून मोकळं पडलं असं धरलं तर जमिनीवर पोहोचताना वेग ताशी २६-२७ किलोमीटर, आणि खाली काँक्रीट. कवटीला थांबायला तिथे सेंटिमीटरभरही अंतर मिळत नाही. 'चारच फूट' या मापाचा खोटेपणा इथे उघडा पडतो. पाय चार फूट पडतात, डोकं नऊ फूट.

कमी उंचीचा विसर

उंच जागेवरचं काम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर इमारतीची परात किंवा जहाजाचं तळघर येतं. बंदरातल्या गोदी कामगारांच्या अपघातांबाबत आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं १९२९ मध्येच करार केला आणि १९३२ मध्ये तो सुधारला. भारतात १९३४ मध्ये गोदी कामगारांचा कायदा आला, आणि १९८६ मध्ये त्यांच्या सुरक्षेचा नवा कायदा झाला. १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम ३२ नुसार पडण्याची शक्यता असलेल्या उंचीवर काम करणाऱ्यासाठी कठडा किंवा अन्य उपाय हवा होता, आणि कलम ३३ नुसार धोकादायक खड्डे व उघडी भगदाडं झाकणं किंवा कुंपणानं बंद करणं सक्तीचं होतं. कलम ३४ इजा होईल इतकं ओझं उचलायला लावण्यास मनाई करीत होतं. हे कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत सामावले गेले आहेत. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली.

डोक्यावर-पाठीवर ओझं वाहणाऱ्यांसाठी महाराष्ट्रानं तर १९६९ मध्येच माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांचा कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली माथाडींची चळवळ होती. आज या टोळीला तर उद्या त्या मालकाला राबणाऱ्या हमालांना मंडळांमार्फत नोंदणी, वेतन आणि भविष्यनिर्वाह निधी मिळू लागला.

तरी चार फुटांची उंची बऱ्याचदा नजरेतून सुटते. अनेक कारखान्यांत 'उंचीवरचं काम' दोन मीटरपासून पुढे मोजतात. ब्रिटनमध्येही दोन मीटरचा नियम होता. २००५ मध्ये तो काढून टाकला आणि इजा होऊ शकेल अशी कोणतीही उंची ही उंचीच, असं ठरलं. अमेरिकेत कारखान्यांसाठी ही मर्यादा चार फुटांची आहे.

इथे सुरक्षा पट्टाही उपयोगी नाही. पट्ट्याची दोरी साधारण दीड-दोन मीटरची असते. ती ताणली जाण्याआधीच माणूस १.२ मीटर खाली, जमिनीवर पोहोचलेला असतो!

मग करायचं काय?

अर्ध्या सेकंदात माणूस सावरू शकत नसेल, तर सावरण्याची सगळी तयारी त्या अर्ध्या सेकंदाच्या आधी व्हायला हवी, आणि ती माणसात नव्हे तर धक्क्यात करायला हवी.

ट्रक नसेल तेव्हा काठावर साखळी किंवा काढता-घालता येणारा आडवा दांडा लावावा. त्याची उंची मीटरभर तरी का? उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य ०.९ मीटरवर असतो. कठडा त्याहून खाली असेल तर तो अडवत नाही, उलट माणूस त्याच्यावरूनच पलटी खातो. (आपल्या शाळेच्या गॅलरीचा कठडा मुलांकडून मोजून घ्या.) काठाच्या तीन फूट आधीपासून पिवळे-काळे पट्टे रंगवावेत आणि तिथली जमीन खरखरीत करावी, म्हणजे पाठमोऱ्या माणसालाही पायाखालून सूचना मिळते. हातगाडी काठाकडे पाठ करून ओढू नये, ढकलावी. ट्रकच्या चाकांना पुढून लाकडी ठोकळे लावावेत आणि माल उतरेपर्यंत गाडीची किल्ली धक्क्यावरच्या माणसाकडे ठेवावी. पत्रा खरखरीत असावा आणि त्याला खाली अडकणारी कड असावी. काठावर छप्पर, पुरेसा उजेड आणि सांडलेली भुकटी लगेच झाडण्याची सोय हवी. खाली उतरायला पायऱ्या आणि त्यांना कठडा हवा, नाहीतर दिवसातून चाळीस वेळा माणसं उडीच मारणार.

यातली कोणतीच गोष्ट महाग नाही. साखळी, रंग, लाकडाचे ठोकळे, चार पायऱ्या. 'सावध रहा' ही पाटी मात्र याहूनही स्वस्त असते, म्हणून ती सगळीकडे दिसते.

बदलापूरकरांना हा धडा लोकलनं शिकवलेला आहे. फलाट आणि डबा यांच्यातली फट आपण रोज ओलांडतो. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात लोकल पकडताना त्या फटीत पडून एका महाविद्यालयीन मुलीचे दोन्ही हात गेले. जपून चढा अशा सूचना तेव्हाही होत्याच. पण मुंबई उच्च न्यायालयानं लक्ष घातल्यावर फलाटांची उंची ९०० मिलिमीटरच्या पुढे नेण्याच्या कामाला वेग आला. प्रवाशांचं लक्ष वाढवता येत नाही, फलाट वाढवता येतो.

पुन्हा वर्गात

पट्टीचा प्रयोग मी त्या आठवड्यात वर्गात घेतला. त्या मुलाची पट्टी २२ सेंटिमीटरवर पकडली गेली, वर्गातल्या चांगल्या आकड्यांपैकी एक. मग फळ्यावर ०.४९ चा हिशेब मांडला. त्यातून पट्टीचे ०.२१ वजा केले. "उरले किती?" मी विचारलं.

"पॉइंट अठ्ठावीस," तो म्हणाला. वहीत काहीतरी लिहून पुन्हा म्हणाला, "आणि ते तर मागे बघतसुद्धा नव्हते, सर. मग लक्ष असून तरी काय झालं असतं?"

दुसऱ्या दिवशी त्यानं वहीच्या मागच्या पानावर धक्क्याचं चित्र काढून आणलं होतं. काठावर साखळी होती, चाकाला ठोकळा होता. चित्र बाबांना दाखवलं का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "त्यांनीच सांगितलं साखळी कुठे लावायची ते."